४५ मिनिटांत सुटणारा गुन्हा : पोलीस मालिका चंद्रपूर-गडचिरोलीतून बघताना

आजचा विषय ऐकून काहींना वाटेल, व्याख्यानमालेत टीव्हीवरच्या मालिकांचं काय काम? काम आहे, आणि ते फक्त करमणुकीपुरतं नाही. आपल्यापैकी बहुतेकांनी पोलीस ठाण्याची पायरी चढण्याआधी पोलीस ठाणं टीव्हीवर बघितलेलं असतं. तपास कसा होतो, पुरावा म्हणजे काय, साहेब किती वेळात येतात, आरोपीला कसं बोलतं करतात, हे सगळं आपण तिथं शिकलो. चुकीचं शिकलो की बरोबर, ते पुढं बघू.

आधी एक साधी गोष्ट लक्षात घ्या. 'सीआयडी' ही मालिका २१ जानेवारी १९९८ला सुरू झाली आणि ऑक्टोबर २०१८पर्यंत चालली. दीड हजारांहून जास्त भाग झाले. मग सहा वर्षं बंद होती आणि डिसेंबर २०२४मध्ये पुन्हा सुरू झाली, तीही त्याच चेहऱ्यांसह. प्रद्युमन, दया, अभिजीत, साळुंखे. या काळात टीव्हीवर किती सासवा-सुना आल्या-गेल्या, किती गाण्याच्या स्पर्धा झाल्या! पोलीस टिकले. का टिकले?

या मालिकेचं मूळ मराठीत आहे, हे अनेकांना ठाऊक नसतं. बी. पी. सिंग हे मुंबई दूरदर्शनच्या वृत्तविभागात कॅमेरामन होते. त्यांनी दूरदर्शनसाठी 'एक शून्य शून्य' ही मराठी मालिका केली. शंभर नंबर फिरवला की पोलीस येतात, हेच तिचं नाव आणि हाच तिचा भरवसा. शिवाजी साटम तिच्यात होते. पुढं 'सीआयडी' उभी करताना सिंग यांनी साटमांनाच घेतलं. बातमीचा कॅमेरा हाताळलेल्या माणसाची नजर सुरुवातीच्या भागांत जाणवते. २००४मध्ये त्यांनी १११ मिनिटांचा एक भाग कुठंही न कापता एका शॉटमध्ये चित्रित केला, त्याची विक्रम म्हणून नोंद झाली. आता शंभराच्या जागी ११२ आलाय, पण मूळ कल्पना तीच: फोन करा, कुणीतरी येईल.

आता पोलीस मालिका आणि गुप्तहेराची मालिका यांत आम्ही फरक करतो. १९८५ची 'करमचंद' आठवा, किंवा १९९३ची 'ब्योमकेश बक्षी'. तिथं एक हुशार माणूस असतो, तो आपल्या घरी किंवा कचेरीत बसतो, त्याला रस वाटला तर प्रकरण घेतो. पोलिसाला असं चालत नाही. दारात आलेली फिर्याद त्याला घ्यावीच लागते, निदान कायद्यानं तरी. शिवाय तो एकटा नसतो. त्याच्यावर साहेब असतो, हाताखाली माणसं असतात, टेबलावर फाईल असते. म्हणून पोलीस मालिकेचं खरं पात्र म्हणजे ते कार्यालय, ती टीम. गुन्हेगार दर आठवड्याला बदलतो, मेलेला माणूस बदलतो, पण खोलीतली माणसं बदलत नाहीत. प्रेक्षक खरं तर त्यांना भेटायला येतो. एक कडक पण प्रेमळ बापमाणूस, दोन कर्ते मुलगे, एक सतत भांडणारा डॉक्टर मित्र. हे एकत्र कुटुंबच आहे, फक्त स्वयंपाकघर नाही.

आणि त्या कुटुंबात एक विनोदी काका हवाच. इथं मराठी प्रेक्षकाची जुनी ओळख कामी येते. टीव्हीच्या आधी आपल्याकडचा पोलीस म्हणजे लोकनाट्यातला हवालदार. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'मध्ये १९६५ साली दादा कोंडके हवालदार झाले, दहा वर्षांनी 'पांडू हवालदार' पडद्यावर आला. लोक त्या हवालदाराला हसायचे, आणि हसणं हीच सत्तेवरची लोकांची उलट तपासणी असते. टीव्हीनं काय केलं, तर वरच्या साहेबाला गंभीर केलं आणि हसू खालच्या माणसाकडं ठेवलं. दिनेश फडणीसांचा फ्रेडरिक्स म्हणजे त्या हवालदाराचाच नातू. फडणीस २०२३च्या डिसेंबरमध्ये गेले, तेव्हा लोक घरातलं माणूस गेल्यासारखे हळहळले. पण लोकनाट्यात हवालदाराच्या निमित्तानं सगळ्या राज्यकारभाराची टिंगल व्हायची. फ्रेडरिक्सच्या निमित्तानं फक्त फ्रेडरिक्सची होते. साहेब सुटले.

मालिका टिकण्याचं पहिलं कारण हे कुटुंब. दुसरं, आमच्या मते मोठं कारण आहे शेवट. पोलीस मालिका दर आठवड्याला शेवट देते. सुरुवातीला प्रेत सापडतं, जगाची घडी विस्कटते, आणि ४५ मिनिटांत ती बसते. अमेरिकेत 'ड्रॅगनेट'नं हा साचा पाडला. आधी १९४९ला रेडिओवर, १९५१पासून टीव्हीवर. जॅक वेब हे त्याचे कर्ते आणि नायकही. लॉस एंजेलिस पोलिसांच्या खऱ्या फायलींवरून गोष्टी घ्यायच्या, पोलीस खात्याचं सहकार्य घ्यायचं आणि भागाच्या शेवटी आरोपीला काय शिक्षा झाली ते सांगून टाकायचं. पोलीस खात्याला स्वतःची जी प्रतिमा हवी होती, ती आयतीच मिळाली. बघणाऱ्याला समाधान, खात्याला प्रतिष्ठा, वाहिनीला जाहिराती. असा सौदा सहज मोडत नाही.

आपल्याकडं 'ड्रॅगनेट'मधला तो शिक्षेचा मजकूरही गेला. आपली मालिका आरोपीच्या कबुलीवर संपते. कोंडीत पकडलेला खुनी सगळं घडाघडा सांगतो, मागं दृश्यं दिसतात, मग एक थप्पड आणि फाशीचं भाकीत. गंमत अशी, की कायद्याच्या दृष्टीनं त्या कबुलीची किंमत जवळपास शून्य. पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. जुन्या पुरावा कायद्यात ते कलम २५ होतं, नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम २३ आहे. इंग्रजांनीच हे १८७२मध्ये लिहून ठेवलं, कारण कोठडीत कबुली कशी मिळते हे त्यांना पक्कं माहीत होतं. म्हणजे मालिका जिथं संपते, तिथं खटला सुरूसुद्धा झालेला नसतो. पंच, मुद्देमाल, दोषारोपपत्र, तारखा, फितूर झालेले साक्षीदार, हे सगळं पुढंच. फाशीचं म्हणाल, तर ती विरळातील विरळ प्रकरणात द्यायची, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८०मध्ये ठरवून दिलंय, आणि ती न्यायाधीश देतात.

आता आपल्या जिल्ह्यांकडं येऊ. पहिली अडचण म्हणजे इथं एसीपीच नाही! सहायक पोलीस आयुक्त हे पद आयुक्तालयात असतं, मुंबई-नागपुरात. चंद्रपूर आणि गडचिरोलीला पोलीस अधीक्षक, त्यांच्याखाली उपविभागीय पोलीस अधिकारी आणि आपल्या बोलीतले ठाणेदार. गुन्ह्याचा छडा लावायला स्थानिक गुन्हे शाखा, जिला इथं सगळे एलसीबी म्हणतात. राज्याची खरीखुरी सीआयडी आहे, तिचं मुख्यालय पुण्याला. ती टीव्हीसारखी दर आठवड्याला धावत नाही, तिच्याकडं सोपवलेली प्रकरणं ती तपासते.

पण पदाचं नाव ही किरकोळ बाब झाली. मालिकेच्या साच्यातून जे गळतं, ते इथं सगळ्यात जास्त आहे. अंतर घ्या. मालिकेत एका दृश्यात फोन वाजतो, पुढच्या दृश्यात गाडीची दारं आपटतात. गडचिरोली जिल्ह्याचं क्षेत्रफळ १४ हजार चौरस किलोमीटरच्या वर आहे आणि त्यातला बराच मोठा भाग जंगल. सिरोंचा जिल्ह्याच्या मुख्यालयापासून दोनशे किलोमीटरच्या आसपास. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. अशा ठिकाणी माणूस फिर्याद द्यायला निघतो तेव्हा त्याचा एक दिवस जातो, धानाच्या हंगामात मजुरी बुडते, आणि परत यायला गाडी नसेल तर रात्र कुठं काढायची हा प्रश्न. त्यात पोलीस मदत केंद्राकडं जाताना आपल्याला कोण बघतंय, याची धास्ती इथल्या लोकांनी चार दशकं बाळगली. पोलीस पाटलांना खबरी ठरवून मारल्याच्या घटना या जिल्ह्यानं पाहिल्यात. पोलीस पाटील हा १९६७च्या कायद्यानं नेमलेला, गावातच राहणारा, हाती शस्त्र नसलेला माणूस. पोलीस आणि गाव यांच्यामधला तोच दुवा. अख्ख्या टीव्हीवर या माणसाला जागा नाही.

दुसरी गोष्ट भाषा. टीव्हीवरचा साक्षीदार मुंबईच्या हिंदीत बोलतो, फार तर थोडा अडखळतो. इथं भामरागड-एटापल्लीकडं माडिया, धानोऱ्याकडं गोंडी, सिरोंच्यात तेलुगू, मुलचेऱ्याच्या निर्वासित वसाहतींमध्ये बंगाली, कोरचीकडं छत्तीसगढी. ठाण्यातला कागद मात्र मराठीत. फिर्याद देणारी बाई माडियात बोलते, मध्ये कुणी दुभाषा सांगतो, ठाणे अंमलदार मराठीत लिहितो, मग तो मजकूर तिला वाचून दाखवायचा आणि अंगठा घ्यायचा. तिनं सांगितलं त्यातलं किती उतरलं? 'ओढलं', 'ढकललं', 'धरलं' या तीन शब्दांत न्यायालयात आकाशपाताळाचं अंतर पडतं. पोलीस मालिकेत सगळं नाट्य बंदुकीच्या गोळीभोवती फिरतं. इथं ते एका क्रियापदाभोवती फिरू शकतं.

प्रयोगशाळेचंही तेच. डॉक्टर साळुंखे नळी हलवतात आणि द्रवाचा रंग बदलतो. खऱ्या तपासात व्हिसेरा राखून ठेवतात, मुद्देमाल सीलबंद करतात, नागपूरच्या प्रादेशिक प्रयोगशाळेत पाठवतात आणि सीए रिपोर्टची वाट बघतात. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनं, म्हणजे १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या कायद्यानं, सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञानं घटनास्थळी जावं असं म्हटलंय. त्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत दिलीय. झडती आणि जप्तीचं चित्रीकरणही आता करायचं आहे. हेतू चांगलाच आहे. पण घटनास्थळ जंगलात असेल, आणि वाघानं मारलं की माणसानं मारून जंगलात टाकलं हाच पहिला प्रश्न असेल, तर तिथं पोलीस आणि वनखातं दोघंही पंचनामा करतात. ताडोबाच्या अवतीभवतीच्या गावांना ही जोडगोळी परिचयाची आहे. टीव्हीला नाही.

गडचिरोली म्हटलं की बाहेरच्या पटकथाकाराला एकच गोष्ट सुचते: सी-६०, चकमक, भूसुरुंग. ती गोष्ट खोटी नाही. १९९०मध्ये हे पथक स्थापन झालं, २००९ या एका वर्षात मरकेगाव, हत्तीगोटा आणि लाहेरीत मिळून चाळीसहून जास्त पोलिसांचे प्राण गेले. १ मे २०१९ला जांभुळखेड्यात पंधरा जवान गेले. त्यातले कितीतरी याच मातीतले, याच गावांमधून भरती झालेले. पण चकमकीची गोष्ट ही युद्धाची गोष्ट आहे, पोलिसाची नव्हे. पोलिसाची गोष्ट बघायची असेल तर 'पोलीस दादालोरा खिडकी' बघा. गडचिरोली पोलिसांनी आपल्या ठाण्यांमधून आणि मदत केंद्रांमधून चालवलेली ही खिडकी. जातीचा दाखला, आधार, शेतीच्या योजना, प्रशिक्षणाचे अर्ज, असली कामं तिथं होतात. तहसील लांब, तलाठी भेटत नाही, म्हणून पोलीसच अर्ज भरून देतो. हे योग्य की अयोग्य यावर वाद घाला, पण त्यात नाट्य नाही असं म्हणू नका. ज्या खिडकीशी दाखल्यासाठी उभं राहायचं तिथंच उद्या फिर्याद द्यायची, आणि कधी तक्रार त्या खिडकीमागच्या माणसाविरुद्धच असेल, तर?

हा प्रश्न आम्ही हवेतून काढलेला नाही. तो याच भागात विचारला गेला आणि त्यानं देशाचा कायदा बदलला. मार्च १९७२. देसाईगंज, म्हणजे आपलं वडसा. तेव्हा गडचिरोली जिल्हा नव्हता, तो १९८२ला झाला; देसाईगंज चंद्रपूर जिल्ह्यात होतं. एका आदिवासी मजूर मुलीबद्दल तिच्या भावानं फिर्याद दिली होती, म्हणून तिला आणि इतरांना ठाण्यात बोलावलं. जबाब झाले. बाकीच्यांना बाहेर जायला सांगितलं, तिला थांबवलं. बाहेर वाट बघणाऱ्यांना थोड्या वेळानं दिसलं, ठाण्यातले दिवे बंद आहेत आणि दार आतून लावलेलं आहे. तिनं बाहेर येऊन बलात्कार झाल्याचं सांगितलं. आरोपी दोन पोलीस कर्मचारी.

तिचं नाव कायद्याच्या पुस्तकांत सर्रास घेतलं जातं, आम्ही घेत नाही. पीडितेची ओळख उघड करू नये हा नियमसुद्धा याच खटल्यानंतर आला.

१९७४मध्ये चंद्रपूरच्या सत्र न्यायालयानं आरोपींना सोडलं. १९७६मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं दोषी ठरवलं. भीतीपोटी गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, असं त्या निकालात होतं. १९७८मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडलं, कारण अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत. पुढल्या वर्षी उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. ठाण्यात रात्री एकट्या पडलेल्या गरीब मुलीकडून न्यायालय कोणत्या प्रतिकाराची अपेक्षा करतंय, असा त्याचा आशय. देशभर बायका रस्त्यावर आल्या. १९८३मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराला वेगळी, कडक तरतूद झाली. अशा प्रकरणात संबंध सिद्ध झाला आणि बाईनं संमती नव्हती असं सांगितलं, तर न्यायालयानं तसंच गृहीत धरायचं, असं पुरावा कायद्यात आलं. त्या मुलीच्या स्वतःच्या खटल्यात मात्र यातलं काहीच तिला मिळालं नाही.

ही देशातली एक अत्यंत महत्त्वाची पोलीस-कथा आहे आणि ती पोलीस मालिकेच्या साच्यात बसत नाही. कारण साचा असं धरून चालतो, की ठाण्याच्या आतली माणसं आपली आणि धोका बाहेर. दया दार तोडतो तेव्हा आपण टाळ्या वाजवतो, कारण दाराच्या आत गुन्हेगार आहे याची आपल्याला खात्री असते. वॉरंट कुठाय, असं आजवर कुणी विचारलंय? थप्पड पडली की बरं वाटतं, कारण पटकथेनं आधीच दाखवलंय की खुनी हाच. खऱ्या ठाण्यात पटकथा नसते. डिसेंबर २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाला प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही लावा, असा आदेश द्यावा लागला, तो याच कारणानं.

याचा अर्थ मालिका बघू नका असा अजिबात नाही. आम्हीही बघतो. साच्याच्या आत राहूनही वेगळं करता येतं. १९८९ची 'उडान' आठवा. कविता चौधरींनी आपल्या बहिणीच्या, कांचन चौधरी भट्टाचार्य यांच्या आयुष्यावरून ती केली. कांचन पुढं २००४मध्ये उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्या, त्या पदावर गेलेल्या देशातल्या पहिल्या स्त्री. त्या मालिकेत गुन्हा दुय्यम होता, वर्दीपर्यंत पोचणं हीच गोष्ट होती. 'क्राइम पेट्रोल'नं २००३पासून खरी प्रकरणं घेतली, छोटी शहरं, भाड्याच्या खोल्या, हरवलेल्या मुलींचे आईबाप दाखवले, फिर्याद लिहून घेण्यातली टाळाटाळसुद्धा. अमेरिकेत 'द वायर' साठ भाग चालली. बाल्टिमोरच्या वर्तमानपत्रात गुन्हेवार्ता लिहिलेल्या डेव्हिड सायमन यांनी ती केली, आणि तिच्यात एकेका प्रकरणाला अख्खा हंगाम लागतो, तरी ते धड सुटत नाही. रिची मेहतांच्या 'दिल्ली क्राइम'ला २०२०मध्ये आंतरराष्ट्रीय एमी मिळाला. त्यांचीच २०२४ची 'पोचर' तर केरळच्या हस्तिदंत चोरीवर, तपास करणारे वनखात्याचे लोक. ताडोबाच्या वनरक्षकाला ती परकी वाटणार नाही.

मग एक प्रश्न हमखास येतो: अंतर, भाषा, तारखा, अर्ज हे सगळं दाखवायचं तर मालिका संथ होणार, कोण बघणार? लोकांना ४५ मिनिटांत निकाल हवा असतो.

याचं उत्तरही वडशालाच आहे. झाडीपट्टी रंगभूमीचं ते केंद्र. धान निघालं, दिवाळी झाली, की होळीपर्यंत गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या गावागावांत नाटकं होतात. रात्री सुरू झालेला प्रयोग पहाटेपर्यंत चालतो. हुंडा, दारू, अंधश्रद्धा, नक्षलवाद, सगळे विषय रंगमंचावर येतात. पाटील, सावकार, फौजदार ही पात्रं या मंडपाला नवी नाहीत. गडचिरोलीचे डॉ. परशुराम खुणे यांना या रंगभूमीवरच्या कामाबद्दल २०२३मध्ये पद्मश्री मिळाली. मंडपात थंडीत घोंगडी पांघरून बसलेला प्रेक्षक तिकीट काढून येतो आणि शेवटपर्यंत उठत नाही. घरी गेल्यावर तोच प्रेक्षक 'सीआयडी'ही बघतो.

आता प्रश्न घेऊ.